ठासणीची रायफल आणि मोठी शिकार: पहिलाच बार फुसका जाऊ नये म्हणून

चाळीस पावलांवर एल्क या मोठ्या हरणाचा नर आडवा उभा आहे. घोडा पडतो, टोपी (दारू पेटवणारी छोटी स्फोटक कॅप) फुटते, आणि पुढे काहीच होत नाही. जनावर कान टवकारून क्षणभर बघतं आणि झाडीत शिरतं. हे माझ्या बाबतीत एकदा घडलं. त्या दिवशी नेमात काही खोट नव्हती. निपलच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या, बारीक नळीत तेलाचा एक थेंब राहिला होता आणि त्याने आतल्या दारूची चिमूटभर चिखलगोळी केली होती. ठासणीच्या रायफलीत शिकार बहुतेक वेळा अशीच हातची जाते. चूक सकाळी भरताना होते आणि कळते संध्याकाळी चाप ओढल्यावर.

हा लेख जुन्या धाटणीच्या, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफलीबद्दल आहे. बाजूला घोडा, चकमक किंवा टोपी, काळी दारू, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी, आणि नळीचा व्यास .५४ इंच किंवा त्याहून मोठा. जनावर म्हणजे मोठं हरीण, एल्क, मूस, बायसन. जिथे कायद्याने शिकारीचा हंगाम आहे आणि हातात परवाना आहे, तिथल्यापुरतंच हे सगळं.

टप्पा १: नियम आधी, खरेदी नंतर

ठासणीच्या बंदुकीचे नियम गावठी वाटतात, पण फार काटेकोर असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हरणासाठी किमान .४० व्यास लागतो, तर एल्क आणि मूससाठी किमान .५०. तिथल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही आणि दारूच्या तयार वड्याही चालत नाहीत. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी राखलेला आहे, तिथे टोपीची रायफल घेऊन गेलात तर गुन्हा होतो. ज्या भागात जाणार तिथलं चालू वर्षाचं नियमपत्रक वाचा. व्यास, गोळीचा प्रकार, माशी (नळीवरची नेम धरायची खूण) की दुर्बीण, आणि गाडीत बंदूक नेताना ती रिकामी कधी मानतात, या चार गोष्टी त्यात शोधा.

टप्पा २: गोळीचं वजन समजून घ्या

मोठ्या व्यासाचा सगळा अर्थ एका हिशोबात आहे. गोल गोळीचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं. शुद्ध शिशाची .४९० इंचाची गोळी सुमारे १७७ ग्रेन भरते, .५३० ची २२४, .५७० ची २७८, .६१० ची ३४१, आणि .७१५ ची जवळजवळ ५५०. (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड.) .५० वरून .७२ वर गेलात तर व्यास दीडपटही होत नाही, वजन मात्र तिपटीहून जास्त होतं.

हे महत्त्वाचं आहे, कारण गोल गोळीला वेग टिकवता येत नाही. .५४ ची गोळी नळीतून १५०० फूट प्रतिसेकंदाने निघाली, तरी १०० यार्डांवर तिचा वेग सुमारे १००० वर येतो. दारू वाढवून सुरुवातीचा वेग वाढवलात तर त्यातला बराचसा पहिल्या पन्नास यार्डांतच हवेत जिरतो. वजन मात्र जसंच्या तसं पोचतं. म्हणून मोठ्या जनावरासाठी दारू वाढवण्याआधी व्यास वाढवा.

मऊ शुद्ध शिसं हरणासाठी उत्तम. मूस किंवा बायसनच्या खांद्याचं हाड मध्ये येऊ शकतं, तिथे थोडं कठीण केलेलं शिसं जास्त खोल जातं. चिंधी असल्यामुळे कठीण गोळीही नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, नीट धरते, कारण आटे पकडायचं काम चिंधी करते. अशी गोळी शुद्ध शिशापेक्षा किंचित हलकी आणि आकाराने जराशी मोठी ओतली जाते. त्यामुळे चिंधीची जाडी पुन्हा जुळवावी लागते.

तपासणी: आट्यांचा पीळ बघा. गोल गोळीला संथ पीळ हवा, साधारण ६६ ते ७० इंचांत एक फेरा. २८ इंचांत एक फेरा घेणारी नळी लांबट गोळीसाठी केलेली असते. तिच्यात चिंधीची गोळी आणि भरपूर दारू घातली तर गोळी आट्यांवरून घसरते आणि कागदावर भोकं वाट्टेल तिथे पडतात. लोक याचा दोष माशीला देतात.

टप्पा ३: मैदानावर बार बसवणे

याला हंगामाआधी निदान दोन महिने द्या. आठवडाभर आधी नवी रायफल हातात घेणाऱ्याने त्या वर्षी जनावरावर बार काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारू फक्त काळी, किंवा बनवणाऱ्याने तिच्या जागी वापरायला सांगितलेली. दाण्याच्या जाडीवरून तिच्या प्रती ठरतात. .५० च्या पुढे २ एफ, सर्वांत मोठ्या व्यासांना १ एफ, आणि अगदी बारीक ४ एफ चकमकीच्या वाटीत रंजक, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी दारू, म्हणून.

सावधान: आधुनिक काडतुसातली धूररहित दारू या नळीत चिमूटभरही घालू नका. नळी फुटते आणि पुढचा हात जातो. मैदानावर दोन प्रकारची दारू एकाच टेबलावर ठेवूच नका.

मापं आकारमानाची असतात. व्यासाच्या आकड्याइतक्या ग्रेनांपासून सुरुवात करा, म्हणजे .५४ साठी मापातले ५५. तीन-तीन बार काढा, मग पाच-पाच ग्रेन वाढवत जा. नळी बनवणाऱ्याने लिहिलेली कमाल मर्यादा ही भिंत आहे, तिच्या अलीकडेच थांबा. जिथे तीन भोकं जवळजवळ येतात ते तुमचं माप. त्यापुढे धक्का वाढतो आणि नेम बिघडतो.

आता ज्या कामाचा लोकांना कंटाळा येतो ते करा. उडालेल्या चिंध्या गोळा करा. नळीच्या तोंडापासून पाच ते पंधरा यार्डांवर त्या पडलेल्या सापडतात. एक उचलून तळहातावर पसरा. चांगल्या चिंधीच्या मध्ये गोळी बसल्याचं गोल वर्तुळ दिसतं, त्याभोवती काळपट कडी, आणि कडा जराशा विसकटलेल्या. मध्ये जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी आहे किंवा चिंधी पातळ आहे. आट्यांच्या अंतराने सरळ चिरा गेल्या असतील तर नळीच्या तोंडाची धार कापते आहे, ती जाणकाराकडून मोडून घ्या. आणि चिंधीच्या चिंधड्याच सापडल्या तर त्या बाराचा कागदावरचा निकाल बघूच नका, तो योगायोग आहे.

गोळी नळीच्या व्यासापेक्षा साधारण एक शतांश इंच लहान, आणि चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची, १० ते २० सहस्रांश इंच जाड. कृत्रिम धागा मिसळलेलं कापड वितळून नळीला चिकटतं. नवं कापड आधी धुऊन खळ काढून टाका.

माप ठरलं की खरी परीक्षा सुरू होते. शिकारीतला बार स्वच्छ, थंड नळीतून निघतो, मैदानावरचा दहावा बार मात्र काजळी धरलेल्या गरम नळीतून. दोघांची गोळी एकाच जागी पडेलच असं नाही. म्हणून वेगवेगळ्या दिवशी, घरून स्वच्छ करून आणलेल्या रायफलीचा फक्त पहिला बार एकाच कागदावर काढा आणि तो कागद जपून ठेवा. दहा दिवसांनी त्या कागदावर जी दहा भोकं दिसतील, ती तुमची खरी नेमबाजी.

त्यावरून अंतर ठरवा. बसून, गुडघ्यावर आणि उभं राहून, टेबलाच्या आधाराशिवाय, सहा इंची वर्तुळात सगळ्या गोळ्या जिथपर्यंत राहतात, तेवढीच तुमची हद्द. बहुतेकांची ती ६० ते ७५ यार्डांत संपते. १०० यार्डांपलीकडे गोल गोळी इतकी झपाट्याने खाली येते की अंतराच्या अंदाजात दहा यार्डांची चूकही जनावराला जखमी करून सोडते.

नेहमीची चूक: गोळी खाली लागते म्हणून माशी घाईने घासणे. माशी घासली की गोळी वर जाते हे खरं, पण घासलेली माशी परत उंच होत नाही. अंतिम माप ठरल्याशिवाय कानस हातात घेऊ नका.

टप्पा ४: निघण्याच्या दिवशी, भरण्याआधी

पहिलं काम, नळी रिकामी आहे का ते बघणे. रिकाम्या नळीत गज, म्हणजे गोळी ठासायची काठी, बुडापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा. बार भरल्यावर, गोळी बसलेली असताना, दुसरी खूण करा. या दोन खुणांइतकी स्वस्त सुरक्षा दुसरी नाही. दुसऱ्याची बंदूक हातात घेतली तरी आधी गज आत टाकून बघा आणि तोच गज बाहेर नळीला लावून ताडून पाहा.

मग तेल काढा. साठवणीचं तेल नळीत राहिलेलं असतं आणि बंदूक उभी ठेवली की ते खाली बुडाकडे उतरतं. स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी, मग कोरड्या चिंध्या, शेवटची अगदी पांढरी बाहेर येईपर्यंत. चकमकीच्या बंदुकीचा कान, म्हणजे रंजकाची आग आत नेणारं भोक, बारीक सुईने मोकळा करा.

टोपीची रायफल असेल तर नुसत्या दोन टोप्या फोडा. दुसरी फोडताना नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरा. पान थरथरून बाजूला उडालं तर वाट मोकळी आहे. पान हललं नाही तर निपल काढून साफ करा. टोपी फुटण्याचा आवाज वाट मोकळी असली-नसली तरी येतोच, म्हणून कानांवर भरवसा ठेवू नका. टोप्या फोडून झाल्या की एक कोरडी चिंधी बुडापर्यंत फिरवा, कारण टोपीची राख आणि ओल मागे राहते.

टप्पा ५: बार भरण्याचा क्रम

हा क्रम कधीच बदलायचा नाही. बोलत बोलत भरू नका. मध्ये कोणी हाक मारली तर उत्तर नंतर द्या.

१. बंदूक उभी, तोंड चेहऱ्यापासून दूर. घोडा टोपीशिवाय, चकमक असेल तर वाटी उघडी आणि कानात पक्ष्याच्या पिसाची दांडी.

२. शिंगातून (दारू ठेवायच्या भांड्यातून) दारू मापात, मापातून नळीत. शिंगाचं तोंड थेट नळीला लावायचं नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली तर मापातली दारू भडकून हात भाजतो, पण शिंग भडकलं तर माणूस जातो.

३. नळीच्या बाजूने तळहाताने चार-पाच थापा, दारू बुडाशी बसावी म्हणून.

४. वंगण लावलेली चिंधी तोंडावर, तिच्यावर गोळी. ओतताना राहिलेला शिशाचा देठ बरोबर वर, मधोमध. आखूड ठोकणीने गोळी आत ढकला.

५. गजाने खाली न्या. गज तोंडापासून वीतभर वरच पकडायचा आणि छोट्या छोट्या हातांनी ढकलायचा. लांब पकडून जोर लावला की लाकडी गज तिरका मोडतो आणि त्याचा भाल्यासारखा तुकडा तळहातातून आरपार जातो.

६. गोळी दारूवर घट्ट बसली की थांबा. दरवेळी सारखाच दाब. गज वरून आपटून उडवायची सवय सोडा, त्याने गोळी चपटी होते.

७. गजावरची खूण तोंडाशी आली का ते बघा. मगच गज जागेवर.

८. टोपी किंवा रंजक सगळ्यात शेवटी, शिकारीच्या जागी पोचल्यावर.

सावधान: गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर ती गोळी नळीत बूच ठरते. नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. खूण जुळली नाही तर तो बार उडवायचा नाही.

चकमकीत रंजक भरताना वाटी काठोकाठ भरू नका. कानावर दारूचा ढीग झाला की आग वातीसारखी सावकाश जळत आत जाते आणि बार उशिरा निघतो. कान मोकळा, रंजक त्याच्या खाली, म्हणजे भडका थेट आत जातो.

टप्पा ६: हिंडताना दारू कोरडी ठेवणे

पावसापेक्षा घाम जास्त घात करतो, आणि तो घाम लोखंडाचा असतो. थंडीतून आलेली बंदूक उबदार खोलीत नेली की नळीवर आत-बाहेर दव साचतं. भरलेली रायफल तंबूत शेकोटीजवळ ठेवणाऱ्याची सकाळची दारू ओली असते. बंदूक बाहेरच्याच थंडीत, आडोशाला, कुलपात ठेवा. टोपी काढलेली, आणि चापाच्या कडीला ‘भरलेली आहे’ अशी चिठ्ठी बांधलेली. मला विचाराल तर दिवस संपताना सुरक्षित मातीच्या बांधात बार काढून टाकावा आणि सकाळी नवा भरावा. एक गोळी जाते, झोप मात्र शांत लागते.

पावसात नळीच्या तोंडावर पातळ चिकटपट्टीचा एक थर पुरतो. गोळीच्या पुढची हवा तो आधीच उडवते. लॉकवर, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेवर, चरबी चोळलेल्या चामड्याचं झाकण बांधा. टोपीच्या कडेने मेणाची पातळ कड द्या, पण मेण निपलच्या भोकात जाऊ देऊ नका. चकमक असेल तर दर तासाला, दमट हवेत अर्ध्या तासाला, वाटीतलं रंजक पुसून नवं घाला. जुनं रंजक बोटावर घेऊन बघा. दाणे सुटे हवेत, काळा चिखल नको.

कुंपण, ओढा, चढ ओलांडताना टोपी काढायची किंवा रंजक झटकायचं. अर्ध्या खटक्यावर, म्हणजे अर्धवट चढवलेल्या घोड्यावर, भिस्त ठेवू नका, जुन्या लॉकमधली खाच झिजलेली असते.

टप्पा ७: बार काढणे

जनावर आडवं, किंवा किंचित पाठ फिरवून तिरकं उभं हवं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेने वर या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांबा. समोरून येणारं, पळणारं, किंवा फांद्यांआड असलेलं जनावर सोडून द्या. या रायफलीत दुसरी गोळी अर्ध्या-पाऊण मिनिटाने येते.

घोडा पडण्यापासून गोळी बाहेर निघेपर्यंत वेळ जातो, चकमकीत तर तो डोळ्यांना जाणवतो. त्या वेळात डोकं उचललं की गोळी गेलीच. चाप ओढल्यावरही माशी जनावरावर तशीच धरून ठेवा, धूर डोळ्यांसमोर येईपर्यंत. याची सवय घरी लावता येते. बंदूक रिकामी आहे याची गजाने खात्री करा, गारगोटीच्या जागी तिच्याच आकाराचा लाकडाचा तुकडा बसवा, आणि रोज वीस वेळा चाप ओढा. माशी हलली नाही तर जमलं.

सेट ट्रिगर, म्हणजे आधी चढवून अगदी हलका करता येणारा चाप, असेल तर तो माशी जनावरावर टेकल्यावरच चढवा. थंडीने बधिर झालेल्या बोटाला तो हलका चाप कळतच नाही.

टप्पा ८: धुराच्या पलीकडे

पांढऱ्या धुराचा ढग समोर उभा राहतो आणि नेमकं हवं तेच दिसत नाही. खाली बसा किंवा एक पाऊल बाजूला सरका आणि धुराखालून बघा. जनावर कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, या दोन जागा झाडाच्या किंवा दगडाच्या खुणेने पक्क्या करा. कान उघडे ठेवा, पडल्याचा आवाज येतो.

आता पाय हलवायचे नाहीत. आधी पुन्हा भरा. हेच सगळ्यात जास्त चुकतं. लोक रिकामी बंदूक घेऊन धावतात, जनावर उठतं आणि निघून जातं. मोजलेली दारू छोट्या बंद नळ्यांमध्ये खिशात ठेवा, म्हणजे शिंग आणि माप शोधत बसावं लागत नाही. काजळी धरलेल्या नळीसाठी किंचित पातळ चिंधी वेगळी ठेवा आणि हा दुसरा बार मैदानावर आधीच करून बघा. गजावरची खूण इथेही बघायची, घाई असली तरी.

जनावर डोळ्यांसमोर पडलं नसेल तर अर्धा तास थांबा. जड गोळी पलीकडून बाहेर पडली असेल तर रक्ताचा माग दोन्ही बाजूंना सापडतो. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं असतं. हिरवट घाण मिसळलेलं असेल तर पोट फुटलेलं आहे, आणखी काही तास थांबा. लवकर गेलात तर ते उठून मैलभर जाईल. माग सुटेपर्यंत शोधत राहणं हे शिकाऱ्याचं देणं आहे. अंधार पडला म्हणून ते फिटत नाही.

टप्पा ९: बार उडाला नाही तर

बंदूक खांद्यावर तशीच, तोंड सुरक्षित दिशेला, किमान दोन मिनिटं. आत धुमसणारी दारू उशिरा पेटते. तोंडात डोकावू नका. मग नवी टोपी लावा आणि पुन्हा ओढा.

तरीही नाही? दारू घालायलाच विसरलात अशी शक्यता मोठी आहे. निपल काढून, किंवा चकमकीच्या कानातून, चिमूटभर बारीक दारू आत सरकवा. गोळी गजाने पुन्हा बुडापर्यंत दाबा, निपल बसवा आणि सुरक्षित दिशेला बार काढा. हे पुरेसं नसेल तर गोळी स्क्रूने ओढून काढावी लागते, पण आत दारू असण्याची शंका असेल तर आधी निपलच्या वाटेने पाणी सोडून ती पूर्ण भिजवा. कोरड्या दारूवर बसलेली गोळी ओढायची नाही.

टप्पा १०: त्याच रात्री साफसफाई

काळ्या दारूची राख पोटॅशियमच्या क्षारांची असते आणि ती हवेतला ओलावा खेचते. ‘उद्या करू’ म्हणून ठेवलेल्या नळीत सकाळी तांबूस गंज दिसतो. खनिज तेलही आधी लावू नका, राखेशी मिसळून त्याचं डांबर होतं.

नळी सुटी होत असेल तर तिचं बूड बादलीतल्या साबणाच्या गरम पाण्यात ठेवा. गजाच्या टोकाला घट्ट चिंधी लावून पिचकारीसारखं पाणी वर खेचा आणि खाली सोडा. पहिलं पाणी काळं येतं आणि सडक्या अंड्यासारखं वास मारतं. वास जाईपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटी स्वच्छ गरम पाणी, मग कोरड्या चिंध्या, मग पातळ तेल. लॉक, निपल आणि घोड्याचा आतला खळगा विसरू नका, टोपीची राख तिथेच बसते.

दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी आत घालून बाहेर काढा. तपकिरी डाग आला तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात करा. तिसऱ्या दिवशीही बघा. चिंधी पांढरी आली की तेलाचा हात फिरवा आणि बंदूक तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल बुडाकडे, दारूच्या जागी, उतरणार नाही.